गंधसरूंच्या देशातील पंधरा वर्षे

पवित्र शास्त्राच्या वाचकाला लेबनॉन हा देश अपरिचित नाही. शलमोनाच्या मंदिरासाठी सोराचा राजा हिराम याने जे गंधसरू पाठविले, ते याच डोंगरांवरचे. प्रभू येशूने ज्या कनानी स्त्रीच्या श्रद्धेची प्रशंसा केली, ती सोर व सिदोन यांच्या प्रांतातली. ही दोन्ही नगरे आजही लेबनॉनच्या किनाऱ्यावर उभी आहेत. संत शारबेल याच भूमीचे सुपुत्र. या देशात 1975 ते 1990 अशी पंधरा वर्षे यादवी युद्ध चालले. त्याचा उल्लेख आपल्याकडे बहुधा ‘ख्रिस्ती विरुद्ध मुसलमान’ अशा तीन शब्दांत उरकला जातो. घटनाक्रम नीट तपासला तर हे वर्णन पहिल्या वर्षापलीकडे टिकत नाही. कॅथलिक वाचकाने तर ते मुळीच पत्करू नये. कारण या युद्धात कॅथलिकांच्या गोळीने मेलेल्या कॅथलिकांची संख्या थोडी नाही.

संघर्षाचे बीज राज्यरचनेतच होते. पहिल्या महायुद्धानंतर, 1920 साली, फ्रान्सने लेबनॉन पर्वत, किनाऱ्यावरील शहरे आणि बेकाचे खोरे एकत्र जोडून आजचा देश आखला. पर्वतात प्रामुख्याने मारोनाइट कॅथलिक व द्रूझ, शहरांत सुन्नी मुसलमान व ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, दक्षिणेत आणि बेकामध्ये शिया अशी वस्ती होती. 1943 मध्ये स्वातंत्र्याच्या वेळी नेत्यांनी एक अलिखित राष्ट्रीय करार केला. राष्ट्राध्यक्ष मारोनाइट, पंतप्रधान सुन्नी आणि संसदेचा सभापती शिया असावा, तसेच संसदेत दर पाच मुसलमान प्रतिनिधींमागे सहा ख्रिस्ती असावेत, असे ठरले. या वाटपाला आधार 1932 च्या जनगणनेचा. त्यानंतर त्या देशात अधिकृत जनगणना झालेलीच नाही. माणसे पुन्हा मोजली तर वाटेही पुन्हा करावे लागतील, हे भय त्यामागे होते.

अशा नाजूक रचनेवर बाहेरचा भार पडला. 1948 साली सुमारे एक लाख पॅलेस्टिनी निर्वासित लेबनॉनच्या आश्रयाला आले. 1970 मध्ये जॉर्डनच्या राजाने पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनांशी युद्ध पुकारले, तेव्हा त्यांचे मुख्य ठाणे बैरुतला हलले. तेथून इस्राएलवर हल्ले होऊ लागले आणि इस्राएलचे प्रतिहल्ले लेबनॉनच्या गावांवर कोसळू लागले. इकडे जमायेल, शामून, फ्रांजिये या मारोनाइट घराण्यांनी आपापल्या खाजगी सेना बाळगल्या होत्या. सरकारी सैन्य दुबळे होते. प्रत्येक पंथाला वाटे की आपले रक्षण आपल्यालाच करायला हवे, आणि ते जमत नसेल तर एखाद्या बाहेरच्या बलिष्ठाला हाक घालायला हवी.

13 एप्रिल 1975, रविवार. बैरुतच्या ऐन-अल-रुम्माने उपनगरात एका चर्चच्या समर्पणविधीसाठी लोक जमले असता गोळीबार झाला आणि कताइब या मारोनाइट पक्षाचे काही कार्यकर्ते ठार झाले. काही तासांतच त्याच वस्तीतून चाललेल्या एका बसवर बंदूकधाऱ्यांनी हल्ला केला. बसमधील 25 हून अधिक पॅलेस्टिनी मरण पावले. युद्धाचा आरंभ या दिवसापासून मानतात.

लेबनॉनच्या ओळखपत्रावर त्या काळी धारकाचा पंथ छापलेला असे. 6 डिसेंबर 1975 रोजी, ज्या दिवसाला पुढे ‘काळा शनिवार’ हे नाव पडले, आपले चार साथीदार मारले गेल्याचे कळताच कताइबच्या लोकांनी रस्त्यावर नाके उभारले. ओळखपत्र पाहून त्यांनी मुसलमानांना बाजूला काढले आणि ठार केले. तशीच नाकी दुसऱ्या बाजूनेही उभी राहिली. 18 जानेवारी 1976 रोजी ख्रिस्ती सैनिकांनी करंतिना ही गरीब मुसलमानांची झोपडवस्ती उद्ध्वस्त केली. दोनच दिवसांनी पॅलेस्टिनी व त्यांच्या सोबत्यांनी दामूर या ख्रिस्ती गावात कत्तल केली. दोन्ही ठिकाणी मेलेल्यांत स्त्रिया आणि मुले होती. दामूरसाठी अश्रू ढाळणाऱ्याने करंतिनाचे नावही ऐकलेले नसते, आणि करंतिना सांगणारा दामूर गाळतो. युद्धाच्या स्मृतीचीही अशी वाटणी झाली आहे.

तोवर पक्ष निदान ओळखू येत होते. 1976 च्या वसंतात द्रूझ नेते कमाल जुम्ब्लात यांची डावी आघाडी आणि पॅलेस्टिनी यांच्यापुढे मारोनाइट हरू लागले. त्या वेळी त्यांच्या मदतीला धावले ते कोण? मुस्लिम बहुसंख्येचा शेजारी सीरिया. जून 1976 मध्ये सीरियाचे सैन्य लेबनॉनमध्ये शिरले आणि जुम्ब्लात यांचा विजय हातचा गेला. पण 1978 मध्ये त्याच सैन्याच्या तोफा बैरुतच्या अश्रफिये या ख्रिस्ती भागावर आग ओकीत होत्या. या युद्धात कोणीही निर्विवाद जिंकू नये, एवढेच सीरियाचे धोरण होते, असे म्हणावेसे वाटते.

त्याच वर्षी ही यादवी ख्रिस्ती समाजाच्या घरात शिरली. उत्तरेचे फ्रांजिये घराणे सीरियाशी मैत्री राखणारे. जमायेल घराण्याचा तरुण नेता बशीर इस्राएलकडून शस्त्रे घेणारा. दोघेही मारोनाइट. 13 जूनच्या पहाटे जमायेल गटाच्या तुकड्यांनी एहदेन या डोंगरगावातील फ्रांजिये यांच्या उन्हाळी निवासावर चाल केली. माजी राष्ट्राध्यक्ष सुलेमान फ्रांजिये यांचे पुत्र टोनी, सून व्हेरा आणि तीन वर्षांची नात जिहान मारली गेली. त्यांच्यासोबत आणखी अनेक जण पडले. 13 जून हा पादुआच्या संत अंतोनीचा सण, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. दोन वर्षांनी, 7 जुलै 1980 रोजी, बशीर यांनी दुसरे मित्रघराणे शामून यांच्या सेनेवर सफ्रा येथे समुद्रकाठी हल्ला चढविला. ख्रिस्ती समाजाच्या सगळ्या बंदुका एका हाताखाली आणण्याचे हे कार्य असल्याचा त्यांचा दावा होता.

जून 1982 मध्ये इस्राएलने आक्रमण केले आणि पश्चिम बैरुतला वेढा घातला. पाणी व वीज तोडण्यात आली, बॉम्बवर्षाव चालू राहिला. त्या धुमाळीत एका मुस्लिम आश्रमसंस्थेतील मतिमंद व अपंग मुले अडकून पडली होती. ऑगस्ट महिन्यात कलकत्त्याच्या मदर तेरेसा बैरुतला पोहोचल्या. शहराचे पूर्व-पश्चिम भाग तोडणारी ‘हरित रेषा’ ओलांडणे अशक्य आहे, असे धर्मगुरूंनी व अधिकाऱ्यांनी त्यांना सांगितले. मारियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण जवळ आला होता. युद्धविरामासाठी आपण मातेला विनंती केली आहे, एवढेच त्यांचे उत्तर. तोफा थांबल्या. रेडक्रॉसच्या वाहनांसह त्या पलीकडे गेल्या आणि 37 मुलांना पूर्वेकडील आपल्या भगिनींच्या मठात घेऊन आल्या. युद्धाच्या इतिहासग्रंथांत या घटनेला फार तर एखादी ओळ मिळते, आणि मृतांच्या आकड्यापुढे 37 ही संख्या लहानच. तथापि सात वर्षांत ती रेषा कोणाचेही ओळखपत्र न विचारता ओलांडल्याची उदाहरणे शोधू गेल्यास फारशी सापडत नाहीत.

इस्राएलच्या छायेखाली 23 ऑगस्टला बशीर जमायेल राष्ट्राध्यक्ष निवडले गेले आणि 14 सप्टेंबर रोजी, पवित्र क्रुसाच्या सणादिवशी, बॉम्बस्फोटात मारले गेले. तो बॉम्ब ठेवणारा माणूस सीरियाच्या बाजूच्या पक्षाचा होता, आणि तोही मारोनाइटच. असे असता सूड उगवला गेला पॅलेस्टिनी निर्वासितांवर. 16 ते 18 सप्टेंबर या काळात ख्रिस्ती सैनिकांनी साब्रा व शातिला येथे निःशस्त्र माणसांची कत्तल केली. मृतांचे अंदाज आठशेपासून साडेतीन हजारांपर्यंत जातात. सभोवती इस्राएली सैन्याचा गराडा होता, आणि रात्री प्रकाशगोळे सोडून त्याने उजेड पुरविला. इस्राएलच्याच चौकशी आयोगाने 1983 मध्ये आपल्या देशावर अप्रत्यक्ष जबाबदारी ठेवली. गळ्यात क्रूस घालून केलेले हे कृत्य आपल्या इतिहासाचा भाग आहे. ते टाळून पुढे जाता येत नाही.

पुढची वर्षे थोडक्यात सांगता येतील, कारण त्यांत नवे काही नाही, केवळ नवे हात आहेत. 23 ऑक्टोबर 1983 रोजी स्फोटकांनी भरलेल्या वाहनांनी 241 अमेरिकन आणि 58 फ्रेंच सैनिकांचे बळी घेतले. काही महिन्यांत ती सैन्ये परतली. शूफच्या डोंगरात द्रूझ आणि ख्रिस्ती लढले आणि ख्रिस्ती गावे ओस पडली. 1985 पासून शियांच्या अमल संघटनेने पॅलेस्टिनी छावण्यांना वेढे घातले; नंतर अमल आणि इराणच्या पाठबळावर उभी राहिलेली हिजबुल्ला, दोन्ही शिया, परस्परांवर तुटून पडल्या. शेवटी 1990 च्या आरंभी जनरल मिशेल औन यांचे सैन्य आणि समीर जाजा यांची सेना पूर्व बैरुतच्या ख्रिस्ती वस्तीत एकमेकांशी भिडली. औन यांना शस्त्रे इराककडून आली होती. त्याआधी, नोव्हेंबर 1989 मध्ये, औन यांच्या समर्थकांचा जमाव बकरके येथे मारोनाइट पेट्रिआर्क नसरल्लाह सफेर यांच्या निवासात घुसला होता. ताइफच्या शांतताकराराला पेट्रिआर्कांनी पाठिंबा दिला, एवढाच त्यांचा अपराध. आपल्या नेत्याच्या चित्राचे चुंबन घेण्यास जमावाने त्यांना भाग पाडले. 13 ऑक्टोबर 1990 रोजी सीरियाने औन यांना हुसकावले आणि तोफा थांबल्या. ताइफच्या करारात निष्पन्न काय झाले? संसदेतील सहास पाच हे प्रमाण समसमान झाले.

सुमारे तीस लाखांच्या त्या देशात मृतांची संख्या दीड लाखाच्या घरात सांगितली जाते. लाखो माणसे घरे सोडून गेली, त्यांतली कित्येक परदेशी स्थायिक झाली. ऑगस्ट 1991 च्या कायद्याने युद्धकाळातील बहुतेक गुन्ह्यांना सार्वत्रिक माफी मिळाली. सेनापती मंत्री झाले, आमदार झाले. काही ठिकाणी खरा समेटही घडला. ऑगस्ट 2001 मध्ये पेट्रिआर्क सफेर शूफच्या डोंगरात गेले आणि कमाल यांचे पुत्र वलीद जुम्ब्लात यांना भेटले. एहदेनवर चालून गेलेल्या तुकडीत समीर जाजा होते. टोनी यांचा पुत्र, दुसरा सुलेमान, त्या रात्री घरी नसल्याने वाचला होता. 14 नोव्हेंबर 2018 रोजी बकरके येथे, पेट्रिआर्क राय यांच्या समक्ष, त्या दोघांनी हस्तांदोलन केले.

परंतु माफी कोणाला द्यायची हेच ज्यांना ठाऊक नाही, त्यांचे काय? नाक्यांवरून उचलून नेलेल्या, परत न आलेल्या माणसांचा आकडा सुमारे सतरा हजार सांगितला जातो. त्यांच्यात सर्व पंथांची माणसे आहेत. पती बेपत्ता झाल्यावर वदाद हलवानी यांनी 1982 मध्ये अशा कुटुंबांची समिती उभारली. ख्रिस्ती, सुन्नी, शिया, द्रूझ, पॅलेस्टिनी स्त्रिया तिच्यात एकत्र बसल्या. 2005 पासून बैरुतमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयासमोरील बागेत त्यांचा तंबू होता. 1985 साली नाहीशा झालेल्या आपल्या मुलाची आणि मुलीची वाट पाहत एक वृद्ध ख्रिस्ती माता तेथे बसे. मे 2009 मध्ये त्याच तंबूजवळ रस्ता ओलांडताना ती मोटारीखाली सापडली. बेपत्तांचा शोध घेण्याचा कायदा 2018 मध्ये झाला आणि त्यानुसार आयोग 2020 मध्ये नेमला गेला. दरम्यान आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने कुटुंबीयांच्या लाळेचे नमुने गोळा करायला सुरुवात केली होती. पुढेमागे एखादी सामुदायिक कबर उघडली गेली आणि तोवर आई हयात नसली, तरी त्या हाडांना नाव देता यावे यासाठी.