करवतीच्या पोटातला रबरी पडदा

लाकूड तोडायला कटरवाला येतो, त्याच्या हातातल्या मशीनला चेनसॉ म्हणतात, म्हणजे साखळीची करवत. आज आम्ही तिच्या जुन्या पिढ्यांबद्दल बोलणार आहोत. अशा ४०-५० वर्षं बंद पडलेल्या करवती परदेशात हौसेने पुन्हा चालू करतात. करवत आपल्यापैकी फार थोड्याजणींच्या हाती असेल. पण बचत गटाने घेतलेलं गवत कापायचं पेट्रोलचं मशीन असतं ना, त्यात बहुतेक करवतीसारखाच कार्बोरेटर असतो. म्हणून हा विषय.

पेट्रोलची करवत जर्मनीत घडली. १९२७ साली एमिल लेर्प यांनी थुरिंगिया भागातल्या डोलमार डोंगरावर आपली करवत चालवून पाहिली. आंद्रेयास श्टील यांनी १९२६ साली विजेवरची आणि १९२९ साली पेट्रोलवरची करवत काढली. या करवती फार जड होत्या. उचलायलाच दोन गडी लागायचे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधले पुरुष लढाईवर गेले, तेव्हा १९४२ साली बायकांचं लाकूडतोड दल उभं राहिलं. त्या बायकांनी खाणींसाठी लागणारे ओंडके पाडले ते कुऱ्हाडीने आणि दोघींनी ओढायच्या करवतीने. मशीन निघून १५ वर्षं झाली होती, पण त्यांचं काम हातानेच चाललं.

वजनाइतकीच मोठी अडचण कार्बोरेटरची होती. कार्बोरेटरचं काम एवढंच, की पेट्रोल आणि हवा ठरावीक मापात मिसळून इंजिनाला द्यायची. त्या वेळच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची छोटी वाटी असे आणि वाटीत फ्लोट. आपल्या पाण्याच्या टाकीत असतो ना, तसाच. पाणी वर आलं की फ्लोट उचलतो आणि नळ बंद होतो. पण टाकी आडवी केली तर? फ्लोट कामातून गेला. झाड पाडताना करवत आडवी धरावी लागते, फांद्या तोडताना तिरकी. म्हणून काही करवतींत पातं फिरवायची सोय केलेली असे. पातं आडवं, इंजिन मात्र उभंच. जड करवत त्याने आणखी जड व्हायची.

यातून सुटका केली ती रबराच्या पातळ पडद्याने. त्याला डायफ्रॅम म्हणतात. असे दोन पडदे असतात. इंजिनाचा दट्ट्या वरखाली होतो, त्याच्या ओढीने आणि दाबाने पहिला पडदा हलतो आणि टाकीतून पेट्रोल खेचतो. दुसरा पडदा इंजिनाने पेट्रोल ओढलं की आत दबतो, एक बारीक सुई उघडतो आणि हवं तेवढंच पेट्रोल सोडतो. वाटी नाही, फ्लोट नाही. करवत उलटी धरली तरी इंजिन चालतं.

१९४९ साली अमेरिकेच्या मॅककलक कंपनीची करवत आली, ती साधारण ११ किलोची. एका माणसाने उचलावी अशी. १९५९ साली श्टीलची काँट्रा आली, साधारण १२ किलोची, गिअर नसलेली. जुन्या करवती जमवणाऱ्यांची ही फार लाडकी. तिला चेनब्रेक नाही, त्यामुळे चालू झाली तरी लाकडावर धरताना जपून. रंग नवा द्यायचा की ओरखडे तसेच ठेवायचे, यावर या लोकांचे वाद चालतात. आम्हाला विचाराल तर ओरखडे राहू द्यावेत, तो त्या मशीनच्या कष्टाचा दाखला आहे.

अशी करवत समोर आली की ठिणगी पडते का ते बघायचं, आणि मग कार्बोरेटर उघडायचा. बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं. पेट्रोल सुकून त्याचा चिकट पिवळा थर बसलेला असतो, बारीक जाळी बुजलेली असते आणि पडदा वाळलेल्या पापडासारखा कडक झालेला असतो. मऊ असेल तरच तो हलणार. जाळी आणि भोकं साफ करायची, पडदे आणि गॅस्केट नवी टाकायची. कुठला थर कुणावर होता त्याचा उघडतानाच मोबाइलवर फोटो काढावा, कारण क्रम चुकला की मशीन चालू होत नाही.

बाहेरचे दोन स्क्रू पेट्रोल कमीजास्त करतात. जुन्या टिलॉटसन कार्बोरेटरवर ते हलकेच पूर्ण बंद करून साधारण एक आटा उघडतात आणि तिथून कानाने जुळवतात. इथे पेट्रोलची काटकसर नको. या इंजिनाला तेल पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी सोडलं तर आवाज कडक येतो, मशीन जोरात पळतंय असं वाटतं, पण तेलही कमी पडतं आणि दट्ट्या जाम होतो. मग कार्बोरेटरवर भागत नाही, इंजिनच खोलावं लागतं.

आता आपल्या पंपांवर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला त्रास देतं. गवताचं मशीन दिवाळीनंतर पुढच्या पावसापर्यंत कोपऱ्यात पडतं आणि आषाढात चालू होत नाही. मेकॅनिक म्हणतो, नवं घ्या. नवं घेण्याआधी त्याला विचारा, पडदा बघितला का? आणि या वर्षी ठेवताना टाकी रिकामी करा, मग मशीन चालू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या.