बाल आरोग्य विमा कार्यक्रमाच्या पात्रता मर्यादेचा वाद (अमेरिका)

बाल आरोग्य विमा कार्यक्रम हा अमेरिकेतील संघराज्य शासन व घटक राज्ये यांच्या संयुक्त खर्चाने चालणारा कार्यक्रम आहे. मेडिकेड या अल्प उत्पन्न गटासाठीच्या योजनेस अपात्र ठरणाऱ्या, परंतु खाजगी विमा न परवडणाऱ्या कुटुंबांतील १९ वर्षांखालील मुलांना त्याचा लाभ मिळतो. या लाभासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा किती असावी, यावर २००७ ते २००९ या काळात तीव्र राजकीय वाद झाला.

पार्श्वभूमी

एडवर्ड केनेडी (डेमोक्रॅटिक) व ऑरिन हॅच (रिपब्लिकन) या सेनेटरांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये हा कार्यक्रम अस्तित्वात आला. मूळ मर्यादा साधारणतः दारिद्र्यरेषेच्या २०० टक्के होती. मात्र उत्पन्न मोजताना काही रक्कम वगळण्याची मुभा असल्याने काही राज्यांनी ती वाढवली. न्यू जर्सीत ती ३५० टक्के झाली. २००७ मध्ये चार जणांच्या कुटुंबासाठी दारिद्र्यरेषा वार्षिक २०,६५० डॉलर होती. त्यानुसार २०० टक्के म्हणजे ४१,३०० डॉलर, तर न्यूयॉर्कने मागितलेली ४०० टक्क्यांची मर्यादा ८२,६०० डॉलर होत होती.

वादाचे मुद्दे

अलास्का व हवाई वगळता दारिद्र्यरेषा देशभर एकच असते. त्यामुळे महागड्या राज्यांतील गरजू कुटुंबे वगळली जातात, असे विस्ताराच्या समर्थकांचे म्हणणे होते. मर्यादा वाढवल्यास पालक खाजगी विमा सोडून सरकारी विमा घेतील आणि अधिक गरीब मुले मागे राहतील, असा विरोधकांचा आक्षेप होता. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या २००७ मधील अंदाजानुसार, कार्यक्रमात आलेल्या दर १०० मुलांमागे खाजगी विमा असलेल्या मुलांची संख्या २५ ते ५० ने घटते.

आदेश व नकाराधिकार

१७ ऑगस्ट २००७ रोजी केंद्रीय प्रशासनाने राज्यांना नवे निर्देश दिले. २५० टक्क्यांपुढे जाण्यासाठी २०० टक्क्यांखालील पात्र मुलांपैकी ९५ टक्के मुलांची नोंदणी झालेली असणे आवश्यक ठरले. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कचा प्रस्ताव फेटाळण्यात आला. त्याच महिन्यात काँग्रेसने तंबाखूवरील कर वाढवून पाच वर्षांत ३५ अब्ज डॉलर जादा देणारे विधेयक संमत केले. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ३ ऑक्टोबर रोजी त्यावर नकाराधिकार वापरला. १८ ऑक्टोबर रोजी प्रतिनिधिगृहात नकाराधिकार रद्द करण्याच्या बाजूने २७३, तर विरोधात १५६ मते पडली. दोन-तृतीयांश बहुमतास १३ मते कमी पडली. सुधारित विधेयकही १२ डिसेंबर रोजी नाकारले गेले. त्यानंतर कार्यक्रमास मार्च २००९ पर्यंत मुदतवाढ मिळाली.

परिणाम

४ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी विस्ताराच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. ऑगस्ट २००७ चे निर्देशही मागे घेण्यात आले. नव्या कायद्याने ३०० टक्क्यांपुढील पात्रतेवर बंदी घातली नाही. मात्र त्यापुढील मुलांसाठी, काही अपवाद वगळता, राज्यांना कार्यक्रमाचा वाढीव केंद्रीय हिस्सा मिळणे बंद झाले. त्यामुळे मर्यादा ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे राहिला, परंतु तिचा वाढता आर्थिक भारही त्यांच्यावर आला.