ईयोबाचे मित्र आणि आमची मावशी

खैरलांजी घडली तेव्हा भंडारा तोडून गोंदिया जिल्हा वेगळा केल्याला सात वर्षं झाली होती. पण आपल्या माणसांना जिल्ह्याची रेघ काय कळते? २९ सप्टेंबर २००६ ला मोहाडी तालुक्यातल्या त्या गावात भोतमांगेंच्या घरातली चार माणसं मारली. आई, मुलगी, दोन मुलं. बातमी आमच्या टोलीत हळूहळू, तुकड्यातुकड्यानं आली. एका रात्री ओसरीवर सगळे जमले. बाया बिडीची सुपं बाजूला सारून बसल्या.

मावशी म्हणाली, "मागच्या जन्माचं काही असन माय त्या लेकराचं."

मावशी छप्पन सालची बौद्ध. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. भीमजयंतीला पहिला दिवा तिचा. आणि तिच्या तोंडून हे.

मी काही बोलायच्या आत मास्तरमामा बोलले. मामा ख्रिस्ती. आमच्याच रक्ताचे. त्यांचा आजा १८९९-१९०० च्या दुष्काळात, म्हणजे ज्याला म्हातारे छप्पनिया म्हणत त्यात, पोरका झाला, मिशनवाल्यांनी उचलला, वाढवला. आम्ही सोयरिकी तोडल्या नाहीत. मामा म्हणाले, "देव ज्याच्यावर प्रेम करते त्याचीच परीक्षा घेते बाबू. नीतिमान माणसालेच भोगावं लागते."

माझं डोकं फिरलं. दोघांनी मिळून त्या चार मुडद्यांचा हिशेब चुकता करून टाकला होता. एकीनं मागच्या जन्मात, दुसऱ्यानं वर आभाळात. ज्यांनी मारलं ते मधल्या मधे मोकळे. मी तसं बोललो, जोरात बोललो. मामा उठून गेले.

पण दोस्तहो, भांडण तिथं संपलं नाही. पुढं दोन-तीन वर्षं मी आणि मामा त्याच गोष्टीवर भांडत राहिलो. त्यात मी जे वाचलं ते इथं मांडतो. ख्रिस्ती झालेली आपली माणसं आपल्यापासून तुटली आहेत आणि आपण त्यांचा धर्म न वाचताच त्यांना नावं ठेवतो, म्हणूनही.

मामांना मी विचारलं, हे परीक्षेचं तुम्हाला कोणी शिकवलं? मामांनी टिळकांचं नाव घेतलं. लोकमान्य नव्हे, रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९३ च्या सुमारास हा कोकणातला ब्राह्मण कवी नागपूरहून राजनांदगावला आगगाडीनं चालला होता. डब्यात एक गोरा माणूस भेटला, त्यानं नवा करार हातात दिला आणि दोन वर्षांत तू ख्रिस्ती होशील असं सांगितलं. ही गाडी आपल्या गोंदियावरूनच जाते. टिळकांनी पुस्तक उघडलं, डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथंच अडकले. नीतीसाठी ज्यांचा छळ होतो ते धन्य, असं येशू त्यात सांगतो. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. जातीनं त्यांना वाळीत टाकलं. बायको लक्ष्मीबाई वर्षानुवर्षं त्यांच्यापासून तुटून राहिली, मग १९०० साली तीही ख्रिस्ती झाली. 'स्मृतिचित्रे' मध्ये तिनं हे सगळं लिहिलंय. ते पुस्तक वाचा. ब्राह्मण बाईनं लिहिलंय म्हणून टाळू नका. विटाळ अंगातून कसा निघतो, किती हळू निघतो, ते त्यात दिसते.

मामा म्हणायचे, "पाहा, धर्मासाठी छळ सोसला."

मी म्हणायचो, सोसला, खरं आहे. पण टिळकांनी आधी काही केलं, मग छळ आला. त्यांनी दार उघडलं आणि पावसात गेले. माझ्या आज्यानं काय केलं होतं? तो जन्मला, एवढंच. दुष्काळात तुमच्या आज्याचं पोट पाठीला लागलं ते कोणत्या नीतीसाठी? नीतिमानाचं दुःख म्हणजे निवडलेलं दुःख. आमच्यावर लादलेल्या दुःखाला तोच मुलामा कसा देता?

आणि मग मी बाबासाहेब काढले. राज्य सरकारनं छापलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा पाचवा खंड १९८९ ला आला. त्यात धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर एक प्रकरण आहे. बाबासाहेब तिथं सरळ विचारतात. अस्पृश्य हिंदू होता तेव्हा त्याला सांगितलं, तुझी अवस्था तुझ्या पूर्वजन्मीच्या पापामुळं. ख्रिस्ती झाला तेव्हा सांगितलं, तुझा आदिपुरुष आदाम, त्याच्या पापामुळं. दोन्हीकडं पाप याच्याच पदरी. मग बदललं काय? समाजशास्त्र सांगते की माणूस पडतो तो वाईट परिस्थितीमुळं, आणि ही शिकवण त्याच्या उलटी आहे, असं त्यांनी म्हटलंय. ख्रिस्ताबद्दल त्यांना द्वेष होता असं कोणी समजू नये. १९३८ च्या सुरुवातीला सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढं बोलताना बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांचीच छाप आपल्यावर आहे असं त्यांनी सांगितलं. त्याच भाषणात, तुम्ही शिकलेसवरलेले ख्रिस्ती सामाजिक अन्यायाविरुद्ध कधी लढलाच नाहीत, असंही तोंडावर सुनावलं.

मला वाटलं मामा गप्प होतील. मामा गप्प झाले नाहीत. दुसऱ्या दिवशी काळ्या पुठ्ठ्याचं पवित्र शास्त्र घेऊन आले.

"ईयोब वाचला का तू?"

नव्हता वाचला. आता वाचलाय. ईयोब सरळमार्गी माणूस. त्याची गुरंढोरं जातात, पोरं मरतात, अंगभर फोडं येतात. राखेत बसतो आणि खापरीनं अंग खाजवतो. तीन मित्र समाचाराला येतात. अलीफज, बिल्दद, सोफर. सात दिवस मुकाट बसतात, तोवर चांगले. मग तोंड उघडतात. काही तरी पाप केलं असशील, देव उगाच कोणाला मारत नाही. ईयोब ऐकत नाही. मी केलेलं नाही, म्हणतो. देवालाच समोर बोलावतो, हिशेब मागतो. आणि शेवटी देव कोणावर रागावतो? मित्रांवर. तुम्ही खरं बोलला नाहीत, ईयोब बोलला, असं देवच सांगतो.

मामांनी दुसरी जागा काढून दिली, योहानाच्या शुभवर्तमानातला नववा अध्याय. जन्माचा आंधळा रस्त्याला बसलाय. शिष्य येशूला विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या मायबापाचं? येशू म्हणतो, याचंही नाही, मायबापाचंही नाही.

हे वाचून मी बराच वेळ काही बोललो नाही. शिष्यांचा प्रश्न म्हणजे आमच्या मावशीचं वाक्य. चोखोबाच्या नावावरच्या अभंगांतही मागच्या जन्मीच्या दोषानं ही जात आली असा सूर आहेच. बाबासाहेबांनी १९४८ ला अस्पृश्यांच्या मुळावरचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. माणसाला मान दिला, त्याच्या उत्तराला नाही. मंगळवेढ्याच्या कुसवाखाली वेठीचे मजूर चिरडले, त्यात चोखोबा. कोणाचं पाप? ज्यांनी वेठ लावली त्यांचं. एवढं साधं उत्तर द्यायला इतकी शतकं लागली.

पण मीही सोडलं नाही. त्याच पुस्तकात पेत्राचं पहिलं पत्र आहे. दुसऱ्या अध्यायात घरगुती गुलामांना उपदेश आहे. धनी चांगला असो की खाष्ट, त्याच्या अधीन राहा. काही न करता मार खाल्ला आणि निमूट सोसला तर देव प्रसन्न होतो, ख्रिस्तानंही असंच सोसलं. मी हे मामांना मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हटलं, हे गावकीचं पत्र आहे की देवाचं? पाटील महाराला याहून वेगळं काय सांगत होता?

मामा म्हणाले, "हे मले कोणी असं वाचून दाखोलं नव्हतं."

अमेरिकेत गुलामांच्या मालकांनी असलीच वचनं गुलामांना ऐकवली. आणि त्याच गुलामांच्या नातवंडांनी क्रूस उलटा वाचला. जेम्स कोन या काळ्या धर्मपंडितानं २०११ साली आख्खं पुस्तक लिहिलं, येशूचा क्रूस आणि काळ्यांना लटकवायचं झाड एकच आहे म्हणून. म्हणजे देव मारणाऱ्याच्या बाजूला नाही, लटकलेल्याच्या बाजूला आहे. आपल्याकडं १९८१ ला बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी शूद्रांच्या धर्मशास्त्राची मांडणी केली, पुढं त्यातून दलित ख्रिस्ती विचार उभा राहिला. बहात्तर साली आपल्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून पँथर नाव घेतलं, तसंच हे. मला देव नको. पण देव मानणारा माणूस देवाला कोणत्या बाजूला उभा करतो ते मी बघतो.

मग मामांनी माझ्यावरच डाव टाकला. "तुमचा बुद्ध तर जन्मालाच दुःख म्हणते. मग तुमी कशाला मोर्चे काढता?"

प्रश्न चोख होता. त्याचं उत्तर माझं नाही, बाबासाहेबांचं आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' १९५७ ला आला. प्रस्तावनेतच त्यांनी चार आर्यसत्यांवर प्रश्न लावलाय. जन्म दुःख, मरण दुःख, पुनर्जन्म दुःख, तर माणसाला आशाच उरत नाही, मग हे बुद्धाचं मूळ सांगणं असेल का? आणि गेल्या जन्माच्या कर्माबद्दल त्यांनी लिहिलंय की गरिबांच्या आणि हीन मानलेल्यांच्या हालाची जबाबदारी समाजानं आणि राज्यानं झटकायची, यापलीकडं त्या शिकवणीचा हेतू दिसत नाही. हे पान मी मावशीला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं तिनं. काही बोलली नाही. पण पुन्हा तिच्या तोंडून मागचा जन्म ऐकला नाही.

आता खैरलांजीवर परत येतो. भोतमांगेंची आई एका मारहाणीच्या प्रकरणात साक्षीला उभी राहिली होती. आरोपी ओळखले होते तिनं. म्हणजे तिनं केलं होतं काही तरी. खरं बोलली होती. मी मामांना म्हटलं होतं ना, निवडलेलं दुःख वेगळं आणि लादलेलं वेगळं? इथं दोन्ही एकात एक गुंतलेली. जातीनं आधीच लादलेलं, आणि त्यावर साक्षीला उभं राहायचं तिनं निवडलेलं. मामांचा 'नीतिमान' शब्द त्या बाईला लागू होतो, हे मला कबूल करावं लागलं. परीक्षा घेणारा देव मात्र मी कबूल केला नाही. २००८ ला भंडाऱ्याच्या न्यायालयानं सहा जणांना फाशी दिली, २०१० ला नागपूर खंडपीठानं ती पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. आणि दोन्हीकडं ॲट्रॉसिटी कायदा लागला नाही. हे जातीमुळं घडलं असं सिद्ध होत नाही म्हणे. ईयोबाचे मित्र काळा कोटही घालतात.

एक गोष्ट राहिली. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं हिंदू सोडून कोणी अनुसूचित जातीत नाही असं ठरलं. १९५६ ला शीख आत आले. आपण बौद्ध आलो १९९० ला, तेही किती झगडून. ख्रिस्ती अजून बाहेर. मामांचा नातू आणि माझा पोरगा एकाच आज्याच्या पोटची पिढी, एकाच टोलीत वाढलेली. भाड्यानं खोली मागायला गेले की घरमालक दोघांनाही एकच प्रश्न विचारते. माझ्या पोराला दाखला मिळाला. मामांच्या नातवाला मिळाला नाही. तिथला बाबू म्हणाला, "तुमच्यात तर जात नसते ना?"

मामा मला म्हणाले, अर्ज तूच लिहून दे, तुझी मराठी कडक आहे. दोन पानी अर्ज लिहिला. खाली सही त्यांनी केली, साक्षीदार म्हणून मावशीनं अंगठा लावला.