गडचिरोलीच्या अंगणवाडीतले अंगण

‘अंगणवाडी’ हा शब्द आता इतका सरकारी झाला आहे की तो उच्चारताच वजनकाटा, खिचडीचे पातेले आणि रजिस्टरांचा ढीग डोळ्यांपुढे येतो. शब्दाचा जन्म मात्र मंत्रालयातला नाही. १९४५ साली ताराबाई मोडकांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. वस्तीतली मुले बालवाडीकडे फिरकेनात, तेव्हा बाईच वस्तीवर गेल्या आणि एखाद्याच्या अंगणात वर्ग भरू लागला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी उभी राहिली, कारण थोरल्या बहिणीला शाळेत आणायचे तर तिच्या कडेवरचे भावंडही आणावे लागणार होते. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. या सगळ्यात मला एकच सूत्र दिसते: मुलाने शाळेशी जुळवून घ्यायचे नाही, शाळेने मुलाशी जुळवून घ्यायचे. अंगण ही निव्वळ जागा नव्हती, ती शाळेने घेतलेली माघार होती. पूर्व विदर्भातल्या जंगलात अंगणवाडी पोहोचली तेव्हा नाव आले, ही माघार आली नाही, असे माझे म्हणणे आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशभरातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. त्यांतले ११ आदिवासी भागांतले होते. योजनेच्या सहा सेवांपैकी पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा आणि आहार-आरोग्य शिक्षण या पाचांचा संबंध शरीराशी; शाळापूर्व शिक्षण ही एकच मनाची बाजू. अहवालात किलो मोजता येतात, बडबड मोजता येत नाही. साहजिकच ती बाजू मागे पडली. यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: जिथे मुले जगतच नव्हती तिथे गाण्या-गोष्टींचे कौतुक कशाला? आक्षेप पोकळ नाही. चंद्रपूरपासून वेगळा होऊन १९८२ साली गडचिरोली जिल्हा झाला आणि १९८६ मध्ये डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले, तेव्हा त्यांच्या कामाच्या गावांत हजारी सव्वाशेच्या आसपास बालके पहिला वाढदिवस पाहत नव्हती. पण ते मृत्यू कशाने कमी झाले, ते पाहावे. गावातल्याच बाईला शिकवून नवजात बाळाच्या घरी पाठवले गेले. दवाखान्याने अंगणात जायचे ठरवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या अभ्यासात या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. म्हणजे बोर्डीचे सूत्र गडचिरोलीत शरीराच्या बाबतीत खरे ठरले आहे. मनाच्या बाबतीत ते वापरायचे का नाही, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांनी द्यायचे आहे.

इथे एक मोह टाळला पाहिजे. गोटुलचे, म्हणजे गावातल्या युवागृहाचे, नाव निघाले की आदिवासींची बालशिक्षणाची व्यवस्था आधीपासूनच होती, असे सांगायची पद्धत पडली आहे. गोटुल ही मोठी संस्था खरीच, पण ती वाढत्या मुलामुलींची आणि तरुणांची. तीन वर्षांच्या पोराची नव्हे. शिवाय मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विनने १९४७ च्या ग्रंथात वर्णिलेले गोटुल बस्तरच्या मुरियांचे आहे, ते जसेच्या तसे गडचिरोलीतल्या भामरागडच्या माडियांवर चिकटवता येत नाही. लहानग्याची खरी शाळा याहून साधी होती. पहाटे मोहफुले वेचायला निघालेल्या आईची पाठ, आजीची मांडी आणि मुख्यतः सहा-सात वर्षांच्या ताईची कड. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या दिवसांत घरची मोठी माणसे जंगलात आणि पाने जमा करायच्या फळीवर गुंतलेली, तेव्हा वाडीतली पोरे पोरांनीच सांभाळायची. या व्यवस्थेत उणिवा होत्या. सांभाळणारी ताई शाळेला मुकत होती, ही त्यांतली मोठी. पण एक गोष्ट तिथे कधी कमी पडली नाही: मुलाशी कोणी ना कोणी सतत बोलत होते, आणि त्याला कळणाऱ्या भाषेत बोलत होते.

गोंडी, माडिया, कोलामी या द्राविड कुळातल्या भाषा. मराठीपेक्षा तेलुगूच्या जवळच्या. तीन वर्षांच्या माडिया मुलाने आपल्या भाषेचे बरेचसे व्याकरण कमावलेले असते. अंगणवाडीत तक्ते मराठी, बडबडगीते मराठी. तिथे ते गप्प बसते आणि त्या गप्प बसण्याला आपण ‘बुजरेपणा’, क्वचित ‘मंदपणा’ म्हणतो. ज्या वयात आपल्या बोलण्याला कोणी उत्तर देते हा विश्वास मनात घर करायचा, त्याच वयात बोलून उपयोग नाही हा धडा मिळतो. गंमत अशी की सेविका बहुतेकदा त्याच गावची, तीच बोली बोलणारी. घरी माडिया बोलणारी ही बाई अंगणवाडीत मराठी होते, कारण तिचे प्रशिक्षण आणि तपासणी मराठीत होते.

एका मुलखात किती भाषा सांभाळायच्या, असे विचारले जाते. सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली, शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या पहाडावर कोलामी, गोंडी, बंजारा आणि वर मराठवाड्यातून आलेली मराठी. पाठ्यपुस्तके छापायची असती तर ही अडचण मोठी होती. पण तीन ते सहा वयाला पुस्तकच नको असते. गोंडीच्या लिपीचा वादही इथे गैरलागू, कारण या वयात लिहायचेच नाही. गाणे, कोडे, गोष्ट आणि बोलायला माणूस एवढेच हवे, आणि ते माणूस आधीच मानधनावर आहे. ‘मराठी आली नाही तर पोर मागे राहील’ ही आईबापांची भीती मात्र मी हलकी मानत नाही. ती शहाणपणाची आहे. पण एका भाषेत बोलते झालेले मूल दुसरी लवकर उचलते, गप्प केलेले नाही. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी शिक्षणाची सुरुवात मातृभाषेतून करावी असे १९५३ मध्येच सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तेच लिहिले.

अंगणवाडीत न सुटलेला प्रश्न पुढे आश्रमशाळेत दुप्पट होतो. तिथे सहा वर्षांच्या मुलाची भाषेबरोबर आईही सुटते. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाने १९७६ साली शाळा काढली तेव्हा शिकवणाऱ्यांनाच आधी माडिया शिकावी लागली. उलटा प्रवास कसा असतो याचा तो नमुना. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी आपली शाळा सुरू केली आणि तिच्या नावात ‘गोटुल’ हा शब्द ठेवला. शिक्षण विभागाने तिला मान्यता नसल्याची नोटीस पाठवली.