मागच्या बाकावरून

सात माणसांची गाडी घ्यायची ठरली की आमच्या घरातले पुरुष आधी बॉनेट उघडायला सांगतात. मी मागं जाऊन बसते. धाकटी सून म्हणून पंचवीस-तीस वर्षं तिथंच बसलेय, त्यामुळं या गाड्यांचा इतिहास मला मागूनच ठाऊक.

सासर कराडचं. 1993 ला लग्न झालं तेव्हा दारात गाडी नव्हती. जोतिबाला जायचं तर वडापवाल्याची जीप सांगायची. एरवी ती माणसं भरेपर्यंत स्टँडाबाहेरून हलायची नाही, आणि भरली असं ड्रायव्हरला कधी वाटायचंच नाही. या जीपचं मूळ लढाईतलं. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत घडलेल्या विलीज जीपची जुळणी महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत, माझगावला सुरू केली. पुढं ती शेतावर आली, सरकारी खात्यांत आली आणि वडापलाही लागली. अंगानं लांब होत गेली, मागं समोरासमोर आडवे बाक आले. तिसरी रांग म्हणतात ती आमच्याकडं अशी आली. रांग कसली, नुसत्या दोन फळ्या.

1994 ला टाटांची सुमो निघाली. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांच्या तालुक्यात पैलवानाच्या नावाची गाडी आवडायचीच, आमचे मामंजी तर तसंच समजून चालले होते. खरं नाव सुमंत मुळगावकरांचं. टाटांच्या टेल्को कंपनीचा पुण्याचा कारखाना त्यांनी उभा केला. त्यांच्या नावा-आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून सुमो. 1989 मध्ये ते गेले, म्हणजे ही गाडी त्यांनी पाहिलीच नाही. पिकअपच्या भक्कम सांगाड्यावर पत्र्याचं बंद घर, डिझेल इंजिन आणि दहा माणसं. एकत्र कुटुंबाला आणखी काय पाहिजे?

मग आमच्याकडंही तशीच एक जुनी गाडी आली. कुठल्या कंपनीची ते राहू दे. बसायचा क्रम कुणी ठरवला नव्हता, पण तो मोडायचाही नाही. पुढं मामंजी, मधे आत्याबाई, थोरल्या जाऊबाई आणि भावजी. मागं मी, पोरं, दशम्यांचा डबा, पाण्याचा कॅन आणि परतताना नारळाची पिशवी. कुंभार्ली घाट आडवं बसून उतरून बघा म्हणजे कळेल. डोळ्यांसमोर रस्ता नसतो, समोरच्या पोराचं तोंड असतं, आणि दर वळणाला पोटातलं वर येतं. मागचा बाक चाकांच्या वर, खाली पाटे. खड्डा पुढच्यांना नुसता ऐकू जायचा, आम्हाला बसायचा. मी पदराला लिंबू बांधून ठेवायची. चिपळूणला पोचल्यावर बाहेरून कुणी दार उघडेपर्यंत आत थांबायचं. मामंजींचा चहा सांगून झाला की कुणाला तरी आमची आठवण व्हायची.

2000 मध्ये टोयोटाची क्वालिस आली. इंडोनेशियातली किजांग ती हीच. तिच्यातही आडव्या बाकांचा प्रकार होता, पण समोर तोंड करून बसायचाही मिळायचा. 2005 ला इनोव्हानं तिची जागा घेतली. नणंदेच्या इनोव्हातून पहिल्यांदा गेले तेव्हा मागून मला समोरचा रस्ता दिसला. कोयनेचं पाणी डावीकडं कुठं लागतं ते इतक्या वर्षांत तेव्हा कळलं. पुढं 2011 ला चाकणहून एक्सयूव्ही 500 निघाली, 2012 ला अर्टिगा. या शेवटच्या दोन गाड्यांना खाली ट्रकसारखा वेगळा सांगाडा नाही. मोटारीसारखी एकसंध बांधणी, त्यामुळं आदळणं कमी. 2019 मध्ये सुमो बंद झाली, आणि आमच्या गल्लीत दुखवटा पाळल्यासारखी चर्चा झाली.

गेल्या महिन्यात मुलगा आणि सून मला शोरूमला घेऊन गेले. भलं मोठं तोंड, काचेचं छप्पर, आणि तिसऱ्या रांगेत माझे गुडघे हनुवटीला. गादी आणि फरशी यांत वीतभर अंतर, मग मांड्या टेकणार कुठं? खिडकी होती, पण पोळपाटाएवढी. मागची रांग उभी केली की डिकीत दोन पिशव्यांपुरती जागा. विकणारा पोरगा म्हणाला, ‘‘मॅडम, तिथं लहान मुलंच बसतात.’’

मी सुनेला हाक मारली. तिला म्हटलं, इथं बस जरा, मी मधल्या सीटवर बसते. आणि मुलाला सांगितलं, ‘‘आता मला न उठवता तिला बाहेर काढून दाखव.’’

दुसरी गाडी बघायला आम्ही तिथून कोल्हापूरला गेलो.