न मोडलेल्या लग्नाची पोटगी

घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की नवरा-बायकोचे नाते कायद्याने संपते. दोघेही दुसरे लग्न करायला मोकळे होतात, एकमेकांचे वारस राहत नाहीत. तरीही त्याच निकालपत्रात पुष्कळदा एकाने दुसऱ्याला दरमहा अमुक रक्कम, कदाचित आयुष्यभर, द्यावी असे लिहिलेले असते. नाते संपले तर देणे कशाचे, हा प्रश्न मग पैसे देणारा विचारतो आणि त्याचे वकील कोर्टात मांडतात. तो प्रश्न उर्मट वाटला तरी खोटा नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 मध्ये पोटगी किती आणि कोणाला हे सांगितले आहे, का द्यायची हे सांगितलेले नाही. माझ्या मते हे निव्वळ विस्मरण नव्हे. ही तरतूद जिथे जन्मली तिथे लग्न मोडतच नव्हते, त्यामुळे हा प्रश्न तिथे कोणी विचारलाच नव्हता.

ते ठिकाण म्हणजे इंग्लंडमधील चर्चची न्यायालये. 1857 पर्यंत विवाहाचे खटले तिथेच चालत. वैध लग्न मोडण्याचा अधिकार या न्यायालयांना नव्हता. फार तर एका छताखाली राहण्याच्या बंधनातून ती जोडप्याला मोकळे करत. वेगळी राहणारी बायको कायद्याने बायकोच असे आणि नवऱ्यावरचा तिच्या पोषणाचा भार तसाच राही. शिवाय लग्नाबरोबर तिची चीजवस्तू आणि कमाई नवऱ्याच्या ताब्यात गेलेली असे, आणि वेगळे झाल्यानेही ती परत मिळत नसे. म्हणजे पोटगी हा बराचसा तिच्याच मिळकतीतून तिला परत दिलेला हिस्सा होता. दावा चालू असताना उत्पन्नाचा साधारण एक पंचमांश आणि निकालानंतर साधारण एक तृतीयांश असा प्रघात पडला. बायकोचा व्यभिचार सिद्ध झाला तर काहीच नाही. लग्न चालूच आहे हे गृहीत धरले की यातली प्रत्येक गोष्ट सुसंगत ठरते, ती वागणुकीची अटसुद्धा.

1857 च्या कायद्याने हे खटले चर्चकडून काढून नव्या दिवाणी न्यायालयाकडे दिले आणि लग्न खरोखर मोडण्याचा अधिकारही दिला. जुनी पोटगी मात्र तशीच उचलून नव्या घरात ठेवली. तिची मालमत्ता, त्याची ऐपत आणि दोघांची वागणूक पाहून न्यायाधीशाने रक्कम ठरवावी, आणि ती फार तर तिच्या हयातीपर्यंत असावी, असे त्यात होते. हेच निकष 1869 च्या भारतीय घटस्फोट कायद्याच्या कलम 37 मधून इथल्या ख्रिस्ती समाजाला लागू झाले. दाव्याच्या काळातल्या पोटगीवर एक पंचमांशाची कमाल मर्यादाही आली. ती 2001 साली उठली. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात कलम 25 लिहिताना सांगाडा तोच राहिला: दोघांचे उत्पन्न, दोघांची मालमत्ता, दोघांची वागणूक. पुनर्विवाह केला किंवा बायकोचे चारित्र्य शुद्ध राहिले नाही तर पोटगी रद्द होऊ शकते, ही अटही आली. एक बदल मोठा होता. इथे नवराही पोटगी मागू शकतो, आणि मग परस्त्रीशी संबंध ठेवल्यास त्याचीही पोटगी जाऊ शकते. पण ज्या लग्नाचा अंत झाला आहे त्यातल्या निष्ठेची राखण न्यायालयाने पुढे का करावी, याचे कारण कोणी दिले नाही.

मग आपले स्वतःचे काही नव्हते का? होते. आज्ञाधारक, कामात दक्ष, पुत्रवती आणि गोड बोलणाऱ्या बायकोला टाकणाऱ्या नवऱ्याला धनाचा एक तृतीयांश द्यायला लावावा, आणि तो निर्धन असेल तर तिचे भरणपोषण करायला लावावे, असे याज्ञवल्क्य स्मृती सांगते. हजारो कोसांवरच्या दोन परंपरा त्याच एक तृतीयांशावर पोचाव्यात हे विलक्षण आहे. त्याहून मोलाचे हे की स्मृतीत पहिला मान हिश्शाला आहे, पोषण हा त्याखालचा पर्याय आहे. पण यावरून आपल्याकडे स्त्रीचा हक्क फार पूर्वीच मान्य होता असे म्हणण्याचा मोह आवरायला हवा. तो हिस्सा तिच्या आज्ञाधारकपणाला जोडलेला होता, आणि तिथेही लग्न मोडलेले नव्हते, बायको टाकलेली होती. महाराष्ट्रातल्या ज्या जातींत काडीमोड आणि पाट रूढ होते तिथे लग्न खरोखर मोडे, पण अनेकदा पैसा उलट्या दिशेने जाई: पाट लावणाऱ्याने पहिल्या नवऱ्याचा लग्नखर्च भरून द्यायचा. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी सासरी नांदायला जाण्यास नकार दिला आणि मुंबईत त्यांच्यावर दावा झाला, तो दावाही इंग्लंडच्या चर्च न्यायालयांतून आलेल्याच तत्त्वावर उभा होता. 1888 साली प्रकरण मिटले तेव्हा त्यांचे पती दादाजी यांनी हक्क सोडण्यासाठी दोन हजार रुपये घेतले. बंधनाची मालकी ज्याची समजली जाते, ते सुटताना भरपाई त्याला मिळते. पोटगीचा इतिहास वाचताना ही नोंद मनात ठेवावी लागते.

पोटगीचा आणखी एक झरा फौजदारी कायद्यातला आहे. कोणी उपाशी पडून रस्त्यावर येऊ नये, एवढाच त्याचा हेतू. 1898 च्या संहितेत कलम 488 खाली दरमहा पन्नास रुपयांची कमाल मर्यादा होती. घटस्फोटित स्त्रीचा समावेश 1973 च्या संहितेत, कलम 125 मध्ये झाला, तेव्हा मर्यादा पाचशे होती. तीही 2001 मध्ये गेली. सध्या ही तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये आहे. उपासमार टाळणे आणि संसाराचा हिशेब पुरा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण एकच शब्द दोहोंना लावल्यामुळे पोटगी मागणारी म्हणजे गरजू, दयेची पात्र, अशी समजूत पक्की झाली.

न्यायालयांनी मात्र, कायद्याचे शब्द न बदलता, पायाच हळूहळू बदलला. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात 2013 साली सुरू झालेला अंतरिम पोटगीचा एक अर्ज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 4 नोव्हेंबर 2020 रोजी निकाली निघाला. सात वर्षे, आणि तीही तात्पुरत्या रकमेसाठी. त्या निकालाने दोघांनाही मालमत्ता आणि कर्जांचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे ठरवले, आणि निकषांमध्ये लग्नाचा कालावधी आणि घर व मुले सांभाळण्यासाठी बायकोने सोडलेली नोकरी हेही धरले. हा निकष भरणपोषणाच्या तर्कात बसत नाही. सोडलेली नोकरी मोजायची तर ती गुंतवणूक मानावी लागते, आणि गुंतवणुकीचा परतावा द्यायचा असतो. 2025 च्या फेब्रुवारीतला निकाल याहून स्पष्ट आहे. विवाह मुळातच शून्य ठरला तरी कलम 25 खाली पोटगी देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, आणि अशा स्त्रीसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने पूर्वी वापरलेल्या ‘अनौरस पत्नी’ या अर्थाच्या शब्दांवर कडक नापसंती व्यक्त केली. कायद्याच्या दृष्टीने जे लग्न कधी झालेच नाही, त्यातून नवऱ्याचे वैवाहिक कर्तव्य उरेल कसे? तरीही देणे उरते. मग त्याचा आधार लग्नाच्या गाठीत नसून एकत्र जगलेल्या वर्षांत काय झाले यातच असणार.

यावर पहिला आक्षेप असा की आता बायका कमावतात, ही तरतूदच कालबाह्य झाली. पण हा आक्षेप जुन्या पायाला लागतो, नव्याला नाही. जिची नोकरी, बढती आणि निवृत्तिवेतन संसारात शाबूत राहिले तिला कमी किंवा काहीच न मिळणे नव्या तर्कातही योग्यच आहे. 2022 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने शिक्षिका असलेल्या बायकोने घटस्फोटित नवऱ्याला दरमहा तीन हजार रुपये अंतरिम पोटगी देण्याचा नांदेडचा आदेश कायम ठेवला. त्यावर पुष्कळांना हसू आले. मला त्यात वावगे दिसत नाही, फक्त तोही निर्णय निव्वळ गरजेवर उभा राहू नये. दुसरा आक्षेप रकमांविषयी. कोट्यवधींचे आकडे बातम्यांत येतात आणि लग्न हा धंदा झाल्याची ओरड होते. त्याच सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये पोटगी म्हणजे दोघांची संपत्ती सारखी करण्याचे साधन नव्हे, आणि ती शिक्षाही नव्हे, असे बजावले आहे. नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या 25 टक्के हे सर्वोच्च न्यायालयाच्याच 2017 च्या निकालातले माप सोपे असल्याने लोकप्रिय आहे, पण दोन वर्षांच्या आणि तीस वर्षांच्या संसाराला ते एकच गज लावते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हिस्साच द्यायचा तर गोव्यासारखी समान मालकी सरळ का स्वीकारू नये? तिथे पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामाईक होते आणि घटस्फोटात निम्मी वाटली जाते. ही पद्धत मला सन्मानाची वाटते. पण जिथे वाटायला घर नाही, फक्त एकाची वाढत जाणारी पगाराची क्षमता आहे, तिथे निम्म्याने काही साधत नाही. त्यामुळे वाटणी हवी आणि वाटणीने न भरलेली तूट भरणारी पोटगीही हवी. बायकोला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत वाटा देण्याची सोय असलेले विधेयक ऑगस्ट 2013 मध्ये राज्यसभेने संमत केले होते. लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळले.

उरतो तो मोजमापाचा प्रश्न: स्वयंपाक, आजारपणे, मुलांचा अभ्यास यांची किंमत करणार कशी? ती आपण केव्हाच केली आहे. जमशेदपूरच्या आगीत मृत्यू पावलेल्या गृहिणींच्या वारसांना भरपाई देताना 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने 34 ते 59 वयाच्या गृहिणीच्या कामाचे मोल दरमहा तीन हजार रुपये धरले, आणि पुढे अपघाताच्या दाव्यांत गृहिणीचे उत्पन्न गृहीत धरणे नेहमीचे झाले. 2021 च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने ही पद्धत आणखी पक्की केली. म्हणजे गृहिणी अपघातात गेली तर विमा कंपनीला तिच्या कामाचे पैसे मोजावे लागतात. तीच बाई जिवंत असेल आणि पंचवीस वर्षांनी घटस्फोटासाठी कौटुंबिक न्यायालयात उभी राहिली, तर कलम 25 तिचे उत्पन्न विचारते, तिची मालमत्ता विचारते, तिची वागणूक विचारते. तिने केलेले काम विचारणारा शब्द त्या कलमात घालायला एक दुरुस्ती पुरेशी आहे, आणि चारित्र्याची अट त्याच दुरुस्तीत काढता येईल.