एच.ए.च्या मैदानावरून युरोपकडे बघताना

पिंपरीत 'एच.ए.' म्हणजे काय, असं आजच्या पोरांना विचारा. मैदान, असं उत्तर येईल. सभा, प्रदर्शनं, झालंच तर जानेवारी 2016 मधलं 89 वं साहित्य संमेलन. त्या मैदानाला लागून हिंदुस्थान अँटिबायोटिक्स नावाचा कारखाना आहे आणि एके काळी देशाचं पेनिसिलिन तिथे बनायचं, हे सांगावं लागतं.

आज हे आठवायचं कारण म्हणजे 'इनोव्हेशन हब' हा शब्द. चाकणला शेडचं उद्घाटन असो की चिंचवडला उद्योजकांचा मेळावा, पाहुणे उभे राहिले की युरोप येतोच. जर्मनी, स्वीडन संशोधनावर जीडीपीच्या तीन टक्क्यांहून जास्त खर्च करतात, आपण 0.64 टक्क्यांवर अडकलोय. आकडे खरे आहेत. पण युरोप म्हणजे एक गाव नाही. 2002 मध्ये बार्सिलोनाला युरोपियन युनियनने ठरवलं होतं की 2010 पर्यंत सगळे मिळून तीन टक्के गाठू. अजून गाठलेलं नाही, इटली तर त्याच्या निम्म्याच्या आसपास घुटमळते. टक्का वेगळा आहे तसं प्रत्येकाचं धोरणही वेगळं आहे, आणि तो फरक बघायला पेनिसिलिनसारखं उदाहरण नाही. बुरशी एकच, पण प्रत्येक देश तिच्याशी वेगळं वागला.

सुरुवात पुण्यातूनच करू. फेब्रुवारी 1944, आगाखान पॅलेस. कस्तुरबा शेवटच्या आजारात होत्या. देवदास गांधींनी खटपट करून विमानाने पेनिसिलिन मागवलं होतं. शेवटच्या घटकेला इंजेक्शनांचा त्रास नको, असं गांधीजींचं मत पडलं आणि ते दिलं गेलं नाही. 22 फेब्रुवारीला बा गेल्या. त्या वेळी हे औषध म्हणजे अशी विमानाने आणायची दुर्मीळ चीज होती.

शोध ब्रिटनचा. फ्लेमिंगला 1928 मध्ये बुरशी दिसली, ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी तिचं औषध केलं. अर्न्स्ट चेन हा हिटलरच्या जर्मनीतून पळून आलेला माणूस. तो सांगत होता, पेटंट घ्या. वैद्यकीय संशोधन परिषदेचे आणि रॉयल सोसायटीचे वरिष्ठ म्हणाले, औषधाचं पेटंट घेणं नीतीला धरून नाही. युद्धात ब्रिटिश कारखान्यांना मोठं उत्पादन झेपेना, म्हणून 1941 मध्ये फ्लोरी आणि हीटली बुरशी घेऊन अमेरिकेला गेले. तिथे मोठ्या टाक्यांत ती वाढवायची पद्धत निघाली. युद्ध संपल्यावर ब्रिटिश कंपन्यांना त्याच पद्धतीसाठी अमेरिकी कंपन्यांना पैसे मोजावे लागले. शोध आपला आणि रॉयल्टीही आपणच भरायची! ही बोच ब्रिटनला इतकी लागली की 1948 मध्ये कायदा करून त्यांनी राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ काढलं. काम एकच: सरकारी पैशातून लागलेले शोध कारखान्यापर्यंत न्यायचे आणि हक्क हातात ठेवायचे.

आता इटली. सार्डिनिया बेटावरच्या काल्यारी गावात प्राध्यापक ब्रोत्झू यांना सांडपाणी समुद्राला मिळतं तिथे एक बुरशी सापडली. जंतू मारणारी. गावात ना पैसा, ना यंत्रं. देशात कुणी फारसं विचारेना, तेव्हा त्यांनी ती ऑक्सफर्डला पाठवून दिली. तिच्यातून सेफॅलोस्पोरिन निघालं आणि या वेळी ब्रिटनच्या त्या महामंडळाने पेटंटं घेतली. रॉयल्टी भरपूर आली. आपण मेडिकलमध्ये जाऊन 'सेफ'ने सुरू होणाऱ्या गोळ्या घेतो ना, त्या याच घराण्यातल्या.

पण इटलीची दुसरी बाजूही आहे. ब्रिटनवर नाराज झालेल्या चेनला 1948 मध्ये रोमच्या सरकारी आरोग्य संस्थेचे प्रमुख मारोत्ता यांनी बोलावून घेतलं आणि प्रयोगशाळेशेजारी छोटा कारखानाच बांधून दिला. काही वर्षं तर उलटी गंगा वाहिली. ब्रिटनच्या बीचम कंपनीची माणसं शिकायला रोमला आली, आणि त्यानंतर 1957 च्या सुमारास बीचमच्या प्रयोगशाळेत पेनिसिलिनचा गाभा हाती लागला. अँपिसिलिन त्यातूनच आलं. मात्र रोमचा प्रयोग एका माणसाच्या खांद्यावर उभा होता. 1964 मध्ये मारोत्तांना कारभारातल्या अनियमिततेच्या आरोपावरून अटक झाली, चेन लंडनला परतले आणि सगळं विस्कटलं. त्या काळात इटलीत औषधांवर पेटंट मिळतच नव्हतं, ते 1978 पर्यंत. त्यामुळे कॉपी करणाऱ्या कंपन्या मात्र भरपूर वाढल्या.

हॉलंडची गोष्ट सिनेमासारखी आहे. डेल्फ्टला यीस्ट आणि स्पिरिटचा जुना कारखाना. देश जर्मनांच्या ताब्यात, दारात पहारा. तरी त्या लोकांनी जवळच्या सरकारमान्य बुरशी-संग्रहातून वाण मिळवून गुपचूप स्वतःचं पेनिसिलिन तयार केलं. शंका येऊ नये म्हणून नाव ठेवलं 'बॅसिनॉल'. बुरशी सांभाळणारी संस्था आणि आंबवण्याची कला असलेला कारखाना, दोन्ही आधीपासून होते म्हणून जमलं. हे नाव लक्षात ठेवा, डेल्फ्ट पुढे पिंपरीत येणार आहे.

चेकोस्लोव्हाकियाला युद्धानंतर आंतरराष्ट्रीय मदतीतून कारखाना मिळाला, पण द्रव वेगळा करणारं महत्त्वाचं यंत्र अमेरिकेने शीतयुद्धात अडवलं. पश्चिम जर्मनीने सरळ अमेरिकी कंपनीकडून तंत्र विकत घेतलं आणि 1950 मध्ये होख्स्टला उत्पादन सुरू केलं. विकत घेतलं म्हणून जर्मनी मागे राहिला का? नाही. कारण 1949 मध्येच त्यांनी फ्राउनहोफर संस्था काढली होती. तिच्याकडे मी नंतर येतो.

या सगळ्या पसाऱ्यात भारताने काय केलं? जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत घेतली. अट अशी की शिकलेलं ज्ञान खुलं ठेवायचं, कारखान्यात संशोधन विभाग हवा आणि इतर देशांतल्या अशा संस्थांना मदत करायची. 1954 मध्ये पिंपरीत कंपनी स्थापन झाली, 1955 मध्ये पेनिसिलिन निघालं. तेव्हा टेल्को इथे यायची होती, बजाजचा आकुर्डीचा कारखाना नव्हता, चाकण म्हणजे कांद्याचा बाजार. म्हणजे ज्याला आपण आज औद्योगिक पट्टा म्हणतो, त्याच्या पहिल्या मोठ्या कारखान्यांपैकी एक संशोधन विभागासकट आला होता.

आणि तो विभाग नावापुरता नव्हता. डॉ. थिरुमलाचार यांच्या चमूने 1961 च्या सुमारास बुरशीच्या रोगांवरचं हॅमायसिन शोधलं. ज्या जिवाणूपासून ते मिळालं त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपल्या गावाचं नाव शास्त्रात गेलंय, मंडळी! शेतीत वापरायचं ऑरिओफंजिन इथलंच. कारखाना स्वतःचं शोधनियतकालिकही काढत होता.

मग बिघडलं कुठे? दरवेळी 'सरकारी कारखाना, अजून काय होणार' असं म्हणतात, ते मला पटत नाही. पेनिसिलिनमध्ये खरी लढाई वाणाची असते. त्याच टाकीतून दरवर्षी थोडं जास्त उत्पादन काढणारी बुरशी निवडत राहायची. त्याला सतत पैसा आणि मोकळीक लागते. आपण औषधाच्या किमती बांधून दिल्या, निर्णय दिल्लीत ठेवले आणि संशोधन विभागाला कारखान्याच्या नफ्यातोट्याशी जखडलं. ब्रिटनसारखं राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ आपणही 1953 मध्ये काढलं होतं, नावसुद्धा तेच. नाव उचललं, मागची बोच उचलली नाही.

नव्वदीत आयात खुली झाली. कारखान्याचा पेनिसिलिन विभाग एका संयुक्त कंपनीकडे गेला आणि त्यात भागीदार कोण, तर डेल्फ्टवाल्यांचीच वारसदार गिस्ट-ब्रोकेडस. ज्यांनी पहाऱ्यात बुरशी जपली, ते आपल्याला उत्पादन शिकवायला आले. ते लग्न फार टिकलं नाही. 1997 मध्ये कंपनी आजारी ठरली. पुढे स्वस्त चिनी माल, महिनोन्महिने थकलेले पगार आणि डिसेंबर 2016 मध्ये देणी भागवायला जादा जमीन विकण्याचा केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय.

आता फ्राउनहोफर. ढोबळमानाने एक तृतीयांश पैसा सरकार देतं, बाकीचा संस्थेने कंपन्यांकडून आणि प्रकल्पांतून कमवायचा. नुसतं सरकारी असतं तर सुस्ती आली असती, नुसतं खासगी असतं तर लहान कारखानदाराला परवडलं नसतं. वीस कामगारांचा जर्मन वर्कशॉपवालाही अडचण घेऊन तिथे जाऊ शकतो. आपला भोसरीचा वर्कशॉपवाला कुठे जातो? वेताळ टेकडीवरची एआरएआय 1966 पासून आहे, चाकणलाही तिचं केंद्र आहे, पण लहान माणसाला ती आठवते ती चाचणीच्या सर्टिफिकेटसाठी. चाकणला 2009 पासून फोक्सवॅगनच्या गाड्या बनतात. इथला व्हेंडर ड्रॉइंग येईल तसा पार्ट काढून देतो, ड्रॉइंग बदलायची पाळी त्याच्यावर क्वचितच येते. म्हणून पाहुण्यांना माझं विचारणं आहे की तीन टक्के आले तर ते नेमके कुणाच्या दारात ठेवणार?

2020 मध्ये कोरोनाच्या काळात सरकारला जाणवलं की पेनिसिलिनचा कच्चा माल आपण चीनमधून आणतो. उत्पादनावर प्रोत्साहन देणारी योजना आली आणि 2024 मध्ये आंध्रात काकीनाड्याजवळ एका खासगी कंपनीने तो पुन्हा बनवायला घेतला.

एच.ए. कॉलनीतल्या कुणाच्या माळ्यावर 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन'चे जुने अंक असतील तर रद्दीत घालू नका. मला कळवा, मी येऊन घेऊन जाईन.